शहर धंदा टिकवतं म्हणजे नेमकं काय करतं? (इचलकरंजीहून एक प्रश्न)

तिसरी_गल्ली (धागाकर्ता)

राजकारण बाजूला ठेवून बोलता येईल या आशेवर धागा काढतोय. बघू किती प्रतिसाद टिकतंय ते.

नवा कारखाना आणायला मुख्यमंत्री दावोसला जातात, करारांचे आकडे पेपरात येतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण जो माग, जे दुकान, जी फौंड्री गावात आधीपासून चालू आहे ती बंद पडू नये हे बघणं कुणाचं काम? राज्याचं धोरण असतं, केंद्राची योजना असते, ते माहीत आहे. मला शहराबद्दल विचारायचंय. महापालिका, नगरसेवक, सहकारी बँका, असोसिएशन, शेजारपाजार हे सगळं मिळून जे शहर होतं, ते काय करतं?

आमच्या गावाची पार्श्वभूमी थोडक्यात. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग चालू केला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं पाठबळ होतं, म्हणून पुढे वाढला. नंतर सहकार आला, सूतगिरण्या आल्या, 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' ही पाटी आली. २०२२ ला महापालिका झाली. आता गल्लीगल्लीतली परिस्थिती अशी की बहुतेक मागवाले खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड त्याचंच, आपण विणून द्यायचं आणि पिकावर, म्हणजे कापडाच्या इंचात किती आडवे धागे बसतात त्यावर, मजुरी घ्यायची. समजा पिकाला ६ पैसे मिळाले, तर ५२ पिकाच्या कापडाला मीटरमागे ३ रुपये १२ पैसे. त्यात कामगार, कांडीवाला (आडव्या सुताच्या कांड्या भरणारा), जॉबर (माग दुरुस्त करणारा), दिवाणजी, वीज, शेडचं भाडं आणि घरफाळा. उरलं तर आपलं.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गल्लीतली शेडं भंगारात निघाली. मागाचं बीड (ओतीव लोखंड) किलोवर जातं. भंगारवाला वजनकाटा घेऊन वेळेवर आला. मात्र शहरातून एक माणूस आला नाही की बाबा, का बंद करतोयस? पैशाचा अडलायस, कामगाराचा, की पोराला नको आहे? हे विचारायला अनुदान लागत नाही.

तुमच्या गावात शहराने एखादा चालू धंदा खरोखर राखला असेल, किंवा हातचा घालवला असेल, तर ते सविस्तर लिहा. 'सरकारने काहीतरी केलं पाहिजे' एवढंच लिहायचं असेल तर नुसतं +१ द्या, मी समजून घेईन.

खोडसाळ

वाचतोय. पाचव्या प्रतिसादाच्या आत पक्षाचं नाव येणार यावर एक मिसळ पैज.

उद्यमनगरी

भावा, कोल्हापूरचं सांगतो. आमच्याकडं फौंड्री (धातूच्या ओतकामाचे कारखाने) आणि मशिनशॉप. आधी शिवाजी उद्यमनगर, मग शिरोली, गोकुळ शिरगाव, आता कागल-हातकणंगले पंचतारांकित. दहा-बारा वर्षांमागं विजेच्या दरावरनं आमची मंडळी एवढी तापली हुती की कर्नाटकात जायाचं म्हणून उघड बोलायला लागली. पलीकडनं तवंदी-कणगल्याच्या बाजूला जागा द्यायची भाषा. अंतर म्हणशील तर तासाभराचं. बायकापोरं इथंच ठेवून रोज जाऊन येता आलं असतं.

तरी बहुतेक जण इथंच राहिले. वीज स्वस्त झाली म्हणून न्हवं. माझ्या कास्टिंगचा पॅटर्न (साच्यासाठीचा लाकडी नमुना) करणारा मिस्त्री उद्यमनगरात, मशिनिंग करून देणारा दोन शेडं सोडून, शॉटब्लास्टिंगवाला रस्त्यापलीकडं, आणि हाताला वळण असलेला मोल्डर शिये-शिरोलीकडं राहतोय. सकाळी ड्रॉइंगमधी बदल आला तर दुपारी पॅटर्नला चार मिलिमीटर लाकूड चढवून परत साचा बसवता येतोय. हे सगळं एकाच ट्रकात घालून कणगल्याला कसं न्यायचं? एकटा गेलास की एकटाच पडतोस. आम्हाला आडवं आलं ते हे जाळं. शहराला त्याचं श्रेय द्यायचं असंल तर एवढंच की शहरानं ते मोडलं नाही. पण लई शहरं तेबी मोडत्यात बरं का. जुन्या भागातला बारका कारखानदार 'रहिवासी भागात आवाज नको' म्हणून लांब हाकलला की त्याच्या भोवतीचे चार तुटतात.

आता शहरानं काय केलं न्हाई ते सांगतो. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरात शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली. माल तयार, गाडी भरलेली, आणि पुण्याला जायाला रस्ता न्हाई. तिकडं गिऱ्हाईकाची लाइन थांबली की तो आपला पाऊस बघत न्हाई, दुसरा व्हेंडर बघतोय. हायवे केंद्राचा, मान्य. पण नदीच्या पूररेषेत भराव कुणी टाकू दिले?

निवृत्त_कारकून

महापालिकेच्या नोकरीत आयुष्य गेलं. कुठल्या ते विचारू नका.

धागाकर्त्याचा 'विचारायला माणूस आला नाही' हा मुद्दा आतून कसा दिसतो ते सांगतो. पालिकेच्या लेखी धंदा तीन ठिकाणी असतो: परवाना, मालमत्ता कर आणि थकबाकी. चालू असताना परवाना विभागाला तो नूतनीकरणापुरता दिसतो. बंद पडला की वसुलीच्या यादीत दिसतो, आणि तिथे तो 'थकबाकीदार' असतो. मग त्याला जी पहिली चिठ्ठी जाते ती जप्तीची. 'बंद पडलेले उद्योग' असं रजिस्टर मी माझ्या टेबलावर कधी पाहिलं नाही, कारण ते ठेवायला कुणी सांगितलंच नव्हतं.

जिल्हा पातळीवर उद्योग मित्र समिती असते, जिल्हाधिकारी अध्यक्ष, महावितरण, एमआयडीसी, प्रदूषण मंडळ, पालिका सगळ्यांना बोलावतात. चांगली सोय आहे. पण तिथे जातो कोण? ज्याच्या असोसिएशनला लेटरहेड आहे तो. वीस मागांचा खर्चीवाला सकाळी शेड सोडून कलेक्टर कचेरीत जाऊन बसला तर त्या दिवसाचं उत्पादन कोण देणार? एमआयडीसीतल्या प्लॉटधारकाचं गाऱ्हाणं इतिवृत्तात येतं, गल्लीतल्याचं येत नाही.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. पालिका स्वतः मोठी घरमालक आहे. मार्केटातले गाळे तिचे. कायद्याचं कलम ७९ सांगतं की मालमत्ता बाजारमूल्याच्या खाली देऊ नये. अधिकाऱ्याने दुकानदाराचं ऐकून भाडं कमी धरलं तर उद्या लेखापरीक्षणात आक्षेप त्याच्या नावावर, पेन्शन अडकणार त्याची. भाडं अव्वाच्या सव्वा लावलं तर दुकानदार कोर्टात जाणार, स्थगिती येणार, आणि अधिकारी सुटला. मग तो काय करील? फाईल 'मार्गदर्शनासाठी' मंत्रालयात पाठवतो. ती तिथे मुक्कामाला.

खानदेशी_ताई

कारकून काका, तुम्ही आमच्या जळगावचंच सांगताय जणू. महापालिकेच्या मार्केटांतल्या गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली. त्यानंतर रेडीरेकनरने (सरकारी बाजारमूल्याच्या तक्त्याने) भाडं, त्यावर दंड, त्यावर कोर्ट, मोर्चे, बंद. आमचं दुकान खाजगी जागेत आहे, त्यामुळे मी बाहेरून बघते.

बाहेरून काय दिसतं सांगू? दुकान चालू असतं, गिऱ्हाईक असतं, पण माणूस पुढचा विचार करत नाही. करार नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. छत गळतं, पण दुसऱ्याच्या जागेवर, तीही उद्या राहील की नाही अशा जागेवर, पैसे कोण घालणार? फर्निचर जुनं, पाटी जुनी. मग लोक म्हणतात, मार्केटला कळा राहिली नाही, त्यापेक्षा मॉलमध्ये जाऊ. शटर उघडंच असतं, धंदा मात्र आतून पोखरला जातो.

पालिकेची बाजूही आहे. जुन्या भाड्यात गाळे धरून बसलेले आणि आत पोटभाडेकरू ठेवून कमावणारेही होते. ते पैसे गावाचेच. पण त्या काहींसाठी सगळ्यांना टांगून ठेवायचं का, भो?

रोखठोक

माझं मत आवडणार नाही. जो धंदा बाजार टिकवत नाही तो शहराने का टिकवावा? साधे माग जगात म्युझियममध्ये गेले. शटललेस (धोट्याशिवाय चालणारा नवा) माग एका दिवसात जेवढं काढतो तेवढं साधा माग कितीतरी दिवसांत काढेल. १९९९ पासून केंद्राची टफ योजना होती, नव्या यंत्रांवर सवलत होती. ज्यांना बदलायचं होतं ते बदलले. भिवंडीत मागाच्या जागी गोदामं झाली, जागामालकाला भाडं जास्त मिळतं, डोक्याला ताप कमी. शहर मेलं का? नाही. गाणी गायची असतील तर गा, पण माझ्या करातून भंगाराला सलाइन नको.

तिसरी_गल्ली

रोखठोक, अर्धं पटलं. साधे माग सगळे वाचवा असं मी म्हणत नाही, मीही माझ्या पोराला साध्या मागावर बसवणार नाही. पण टफचं गणित तुम्ही वरवर मांडलंत. सवलत यंत्राच्या कर्जावर मिळते. कर्जाला तारण लागतं. भाड्याच्या शेडमधल्या खर्चीवाल्याकडे तारण काय, तर तेच बिडाचे माग. म्हणजे ज्याच्याकडे आधीच होतं त्याने बदललं. गावात शटललेस आले, भरपूर आले. फक्त ते दुसऱ्या लोकांकडे आले.

विजेचंही तसंच. २७ अश्वशक्ती ही सीमा आमच्याकडे देवाच्या नावासारखी तोंडात असते. वीज दराच्या कोष्टकात ती २० किलोवॉट म्हणून येते, तीच गोष्ट. २०२४ मध्ये राज्याने २७ च्या आतल्यांना युनिटमागे जादा १ रुपया आणि वरच्यांना ७५ पैसे सवलत जाहीर केली. बरं झालं. पण सवलत येणार म्हणून हिशेब धरायचा, मग ती नोंदणीत अडकणार, मग परत मोर्चा. खर्चीवाल्याला पुढच्या सहा महिन्यांचा विजेचा दर आज कळला तर तो त्यावर मजुरी ठरवू शकतो.

आणि दर सोडा, वीज नुसती दोन मिनिटं गेली तर काय होतं ते बघा. धोटा अर्ध्या वाटेत अडकतो, ताण्याचे दोरे तुटतात. वहिफणीवाल्याला (ताण्याचे दोरे जोडून देणाऱ्याला) बोलवायची वेळ आली तर अख्खी पाळी गेली. दोरे जोडून माग परत चालू केला की कापडावर आडवा पट्टा उमटतो. आपल्याला दिसतही नाही. व्यापाऱ्याकडे तपासणीच्या टेबलावर तागा ओढताना त्याचं बोट बरोबर तिथे थांबतं. सेकंड, म्हणजे दुय्यम माल. मजुरी कापली. महिन्यात असं किती वेळा झालं याचा हिशेब तारखेवार वहीत ठेवणारे लोक आहेत आमच्याकडे, पण ती वही दाखवायची कुणाला?

तिरुपूरचा_मराठी

नोकरीमुळे तिरुपूरला असतो, मूळ गाव जयसिंगपूर, त्यामुळे दोन्हीकडचं दिसतं. इथली एक गोष्ट सांगतो, ती 'शहराने काय केलं' यात चपखल बसते.

निटवेअरला रंगाई-ब्लीचिंग लागतं आणि त्याला पाणी. नोय्यल नदी आणि विहिरी रंगाने नासल्या होत्या, टँकरवर कारखाने चालायचे. तेव्हा निर्यातदारांची संघटना, राज्य सरकार आणि वित्तसंस्था यांनी मिळून १९९५ मध्ये न्यू तिरुपूर एरिया डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन अशी कंपनीच काढली. भवानी नदीवरून पन्नासहून जास्त किलोमीटर जलवाहिनी, दिवसाला साडेअठरा कोटी लिटरची क्षमता, २००५ पासून पाणी. कारखान्यांनी चढा दर द्यायचा, त्यातून वस्तीला आणि वाटेवरच्या गावांना स्वस्त द्यायचं. वाटेवरच्या गावांना, हे महत्त्वाचं. नुसती पाइप त्यांच्या शेतातून नेली नाही.

आता दुसरी बाजू. येणारं पाणी बघितलं, जाणारं नाही. सांडपाण्याचा प्रश्न शेतकऱ्यांनी कोर्टात नेला आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सातशेहून जास्त रंगाई युनिटं बंद करायला लावली. एका आदेशात. तेव्हा कामगार गावाकडे निघाले होते. मग राज्याने सामायिक प्रक्रिया केंद्रांना २०० कोटींचं बिनव्याजी कर्ज दिलं, सांडपाण्याचा थेंब बाहेर न सोडण्याची यंत्रणा बसली, आणि हळूहळू धंदा परत उभा राहिला. मधल्या काळात कारखान्यांनी पाणी कमी उचललं म्हणून त्या पाणी कंपनीचंही गणित विस्कटलं होतं. पण आज इथला कारखानदार पाण्यावरून चेन्नईच्या फेऱ्या मारत नाही.

तिसरी_गल्ली

हे वाचून पोटात कालवलं. आमच्याकडे पंचगंगा गावाला खेटून. २०१२ मध्ये काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले, माणसं गेली. कृष्णेवरून मजरेवाडीहून पाणी येतं, त्या वाहिनीची गळती हा बारमाही विषय. वारणेची योजना आखली ती नदीकाठच्या दानोळीकरांनी अडवली. दूधगंगेवर सुळकूडची योजना आखली, तर तिकडून विरोध. तीन-चार दिवसांआड पाणी घरात येतं, मग सायझिंग (सुताला खळ देणारे) आणि प्रोसेसवाले टँकरवर असणार यात नवल काय?

आणि खरं सांगायचं तर दानोळीचं नि सुळकूडचं मला चुकीचं वाटत नाही. त्यांचं म्हणणं सरळ आहे: तुमची नदी तुम्ही घाण केलीत, आता आमची मागताय. वाटेवरच्या गावांना आपण काय देऊ केलं होतं? तिरुपूरच्या या एका कलमावर गावात बैठक झाली पाहिजे.

कांडीवाल्याचा_पोरगा

आत्तापर्यंत मागमालक, फौंड्रीमालक, गाळेधारक सगळे बोलून झाले. माझे वडील कांडीवर होते, आई घरी शिवणकाम करायची. मी आता पुण्यात आयटीत आहे, म्हणजे तुमच्या हिशेबात 'शहराने घालवलेला' माणूस.

धंदा टिकवा म्हणता, पण कुणासाठी? बारा तासांची पाळी, पिकावर मजुरी, माग बंद तर पैसे बंद. तुमच्या तारखेवार वहीत वीज गेल्याची नोंद आहे, त्या दोन मिनिटांत कामगाराचंही मीटर थांबतं, तो रकाना आहे का? २०१३ चा संप मला नीट आठवतो, उधारीवर किराणा आणला होता. त्यानंतर महागाईप्रमाणे मजुरी वाढवायची असं ठरलं, आणि दरवर्षी जाहीर झालेली वाढ हातात पडायला वेगळी लढाई. आता गावातली पोरं मागावर जायला तयार नाहीत, उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशाचे लोक चालवतात. एका खोलीत आठ-दहा जण, पाळीप्रमाणे झोपतात. कोरोनात ते चालत निघाले तेव्हा सगळ्यांना कळलं की शहर कुणावर चाललंय.

कामगार टिकला तर धंदा टिकेल. त्याला भाड्याची धड खोली, रात्री उघडा दवाखाना आणि पोरांना शाळा पाहिजे. हे तर शंभर टक्के शहराचं काम आहे ना? त्याला वस्त्रोद्योग धोरण लागत नाही.

रोखठोक

@कांडीवाल्याचा_पोरगा, या प्रतिसादाला माझं अनुमोदन. इथे कर खर्च झाला तर मी एका पैशाची तक्रार करणार नाही.

खोडसाळ

रोखठोक सहमत झाले. मी पैजेची मिसळ हरलो, पण हा क्षण जपून ठेवतो.

चादर_टॉवेल

काय बे, सोलापूरला विसरलात का सगळे? आमची चादर, भौगोलिक मानांकन मिळालेली. आणि बाजारात 'सोलापुरी चादर' म्हणून पानिपतचा माल. मानांकनाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून नकली माल थांबत नसतो, त्यासाठी कुणीतरी दुकानं तपासत फिरावं लागतं, केस करावी लागते. एकटा विणकर ते कसं करणार?

मग विमानतळ. शहरातून विमान उडालं की उद्योग येतील, पोरं पुण्याला जायची थांबतील. त्यासाठी १५ जून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची विमानाच्या वाटेत येणारी चिमणी पाडली. काही सेकंदांत खाली. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान उडालं. चिमणी बेकायदा की कायदेशीर यात मी पडत नाही, त्यावर इथं दोन तट आहेत आणि दोन्हीकडं माझे सोयरे आहेत. मी फक्त एवढं बघतो की ज्या कारखान्यावर हजारो सभासदांचा ऊस जातो तो हातातला धंदा, आणि विमानाने जो येणार तो मनातला. आधी हातातल्याला पर्यायी जागा, वेळ, पैसा देऊन मग पाडली असती तर एवढी कटुता आली नसती.

चांगलं पण सांगतो. आमच्या गारमेंटवाल्यांनी कुणाची वाट न बघता शाळेच्या गणवेशात जम बसवला. २०१७ मध्ये संघटनेने सोलापुरातच गणवेशांचं प्रदर्शन भरवलं, बाहेरचे खरेदीदार गावात आणले. लोकांनी येऊन शेडं पाहिली, शिलाई पाहिली. गिऱ्हाईक दारात आणणं, हे एक काम शहराला जमण्यासारखं आहे. पाणी मात्र आम्हालाबी रोज नाही, त्यामुळं इचलकरंजीवाल्यांनी एकटं रडायचं नाही.

हिशेबनीस

सीए आहे, त्यामुळे रुक्ष बोलतो. धंदे बंद पडतात त्यातले बरेच तोट्यात नसतात. पैसे अडकलेले असतात.

लघुउद्योगाचं देणं ४५ दिवसांत द्यायचं, हा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. तक्रारीला राज्यात सुविधा परिषदा आहेत, ऑनलाइन पोर्टल आहे. माझे किती अशील तिथे गेले? जवळजवळ कुणीच नाही. कारण तक्रार केली की पैसे कदाचित मिळतील, पुढची ऑर्डर नक्की जाईल. मग आयकरात ४३बी(एच) आलं, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून. खरेदीदाराने सूक्ष्म-लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. हेतू उत्तम. पहिल्या मार्चमध्ये कापड बाजारात काय झालं? ऑर्डरी थांबल्या, माल परत आला, काही जणांनी स्वतःची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी) रद्द करून घेतली, म्हणजे गिऱ्हाईक बिचकू नये! संरक्षण ज्याला दिलं त्यानेच ते अंगावरून काढून ठेवलं.

इथे शहराला जागा आहे. सहकारी बँका गावच्याच आहेत, संचालक गावचेच. बिलावर पैसे देण्याची सोय त्यांनी खर्चीवाल्यासाठी केली तर त्याला व्यापाऱ्याशी भांडावं लागणार नाही. तारण म्हणून यंत्र न बघता बिल बघायचं. दुसरं म्हणजे महापालिकेने स्वतःच्या ठेकेदारांची बिलं वेळेत द्यावीत. कित्येक शहरांत गावातल्या छोट्या ठेकेदाराला बुडवणारी सगळ्यात मोठी देणेकरी पालिकाच असते.

खाडीपलीकडे

अमेरिकेतल्या फ्रीमाँटहून. तुलना थेट लागू नाही, पण सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ मध्ये मतदारांनी एक निधी मंजूर केला. तीस वर्षं किंवा जास्त चाललेली दुकानं, खानावळी, वर्कशॉप यांची नोंद करायची. त्यांना कामगारांमागे थोडी मदत, पण मुद्द्याची गोष्ट म्हणजे जो जागामालक अशा दुकानाला दहा वर्षांचा करार देईल त्या मालकाला शहराकडून चौरस फुटावर अनुदान. घरमालक आणि भाडेकरू यांच्यात शहर पैसे घेऊन उभं राहतं. तरी दुकानं बंद होतातच. पण बंद होण्याआधी कुणाला तरी ठाऊक असतं, कारण यादी आहे. बऱ्याच अमेरिकी शहरांत पालिकेचा माणूस वर्षभर जुन्या धंद्यांना भेटत फिरतो, जागा कमी पडते का, करार कधी संपतोय, मालक निवृत्त होतोय तर पुढे कोण, एवढंच विचारतो.

उद्यमनगरी

म्हंजे तिसऱ्या गल्लीवाल्यानं पहिल्याच पोस्टात मागितला तो माणूस तिकडं पगारी हाय. घ्या.

तिसरी_गल्ली

सगळ्यांचे आभार, धागा भरकटला नाही याचं आश्चर्य वाटतंय.

सगळं वाचून मला एवढं दिसतं की गाळ्याचा करार, पाणी, दवाखाना, बिल वेळेत, ही सगळी वर्षानुवर्षं करत राहायची कंटाळवाणी कामं आहेत, त्यात फीत कापायला काही नाही. म्हणून ती होत नाहीत. आणि त्याच्याही आधी, गेलेल्यांची मोजणीच नाही. आमच्या शहरात गेल्या पाच वर्षांत किती माग बंद झाले हे मी असोसिएशनमध्ये विचारलं तर प्रत्येकाने वेगळा आकडा सांगितला, आणि प्रत्येकजण खात्रीने बोलत होता. कारकून काका, ही यादी कुठून तरी निघेल का?

निवृत्त_कारकून

पालिकेकडून नाही निघणार. विजेकडून निघेल. माग बंद केला की माणूस आज ना उद्या जोडणी कायमची तोडून घेतो, किंवा बिल थकून ती तोडली जाते. त्याला 'पीडी' म्हणतात. यंत्रमागाची वर्गवारी वेगळी आहे, लघुदाब ५ (अ). माहितीच्या अधिकारात महावितरणच्या तुमच्या विभागीय कार्यालयाकडे मागा: अमुक वर्षापासून या वर्गवारीतल्या कायमस्वरूपी खंडित जोडण्यांची संख्या, वर्षवार, २० किलोवॉटच्या आतल्या आणि वरच्या वेगळ्या. ग्राहकांची नावं मागू नका, खाजगी माहिती म्हणून अर्ज फेटाळायला निमित्त मिळेल. नव्या जोडण्यांची संख्याही मागा, नाहीतर रोखठोक म्हणतील की जुने गेले तेवढे नवे आले असतील, आणि त्यांचं म्हणणं रास्त असेल.

कांडीवाल्याचा_पोरगा

काका, एक शंका. एका शेडच्या एका जोडणीवर दोन-तीन जण पोटभाड्याने माग चालवतात. जोडणी एक, घरं तीन. आणि कामगार तर त्यात येतच नाहीत.

निवृत्त_कारकून

बरोबर. म्हणून आकडा आला की तो किमान समजायचा. मंजूर भारही मागा, त्यावरून साधारण किती माग असतील याचा अंदाज बांधता येतो. त्यापुढे गल्लीवार फिरूनच मोजावं लागेल.

तिसरी_गल्ली

मसुदा आज रात्री इथेच टाकतो, सगळ्यांनी तपासा. त्यातच सायझिंगच्या पाण्याचं आणि उद्योग मित्र समितीच्या इतिवृत्तांचंही विचारून घेऊ का?

निवृत्त_कारकून

नको. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, महाराष्ट्राचा नियम आहे. पाण्याचा अर्ज पालिकेकडे वेगळा, इतिवृत्तांचा जिल्हा उद्योग केंद्राकडे वेगळा. प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पोच घ्यायला विसरू नका.

उद्यमनगरी

उद्योग केंद्राचा मी टाकतो, कोल्हापुरातच हाय. मसुदा लवकर टाक भावा.